गुडघ्यावरचा माणूस

“अंगठा दाब. घाबरू नोको. दोन हजार वर्सं नाही मेलं ते, तुझ्या अंगठ्यानं मरते का?”

असं म्हणत बाई समोरच्याच्या हातात चॉकलेटवरचा चंदेरी कागद द्यायच्या. कागदाखाली नाणं. आपण अंगठा दाबायचा, गोल गोल फिरवायचा, आणि कागद हळूच उचलायचा. त्यावर एक माणूस उमटलेला असे. दाढीवाला, पायात ढगळ विजार, एक गुडघा जमिनीला टेकलेला आणि उंच काठीचं निशाण दोन्ही हातांनी पुढे धरलेलं. तो कागद बाई ज्याचा त्याला देऊन टाकत. अर्जुनी मोरगावात आजही काही घरांच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या शेजारी हा माणूस बसलेला आहे. एका घरी त्याला हळदकुंकू लागलेलं मी स्वतः पाहिलंय. हरलेल्या शत्रूचा एवढा मान खुद्द रोममध्ये कोणी ठेवला नसेल.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, जे भेटलं की आपण काय काम करायला निघालो होतो तेच विसरतो. आमच्याकडे त्या बाई होत्या. शाळेत इतिहास शिकवायच्या, म्हणून बाई. निवृत्त झाल्या तरी बाईच. त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना बाईच म्हणत, आणि म्हणताना नकळत पाठ सरळ करत.

मी त्यांचा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा. बापाचं सोनारकामाचं दुकान होतंच, म्हणून अभ्यासाशी माझा संबंध पाहुण्यासारखा होता: आला तर आला, गेला तर हरकत नाही. पण बाईंचा तास मात्र चुकवत नसे, कारण त्या तासाला हातात वस्तू मिळायच्या. रोमच्या चांदीच्या नाण्यांचे प्लास्टरचे ठसे त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात तयार करून आणले होते. आमच्या पुस्तकात रोम जेमतेम अर्धं पान होतं. बाई त्या अर्ध्या पानावर पंधरवडा काढायच्या.

“हे पाहा, दोन निशाणांच्या मधात गरुड. हे पलटणीचं दैवत. हे वल्ह्याचं जहाज. ही पंखवाली, ही विजयदेवी, हिच्या हातात हार. त्या टायमाले पेपर होता का? नोता. मंग शिपायाले बातमी कशी कळन? पगारात. पगाराचं नाणं हातात आलं की समजलं, आपण कोणाले हरवलं.”

मग एक ठसा त्यांनी माझ्यापुढे धरला. एक खांब, त्याला आडवा दांडा, त्यावर चिलखत चढवलेलं, वर शिरस्त्राण, बाजूला ढाली टांगलेल्या. खाली एक माणूस हात मागे बांधून बसलेला.

“सांग, हे काय व्हय?”

मी अजिबात वेळ न घेता सांगितलं, “बुजगावणं.”

वर्ग खिदळला. धानाच्या बांधीत जन्म काढलेल्या पोरांना दुसरं काय दिसणार. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्धं बरोबर आहे. हरलेल्याचे कपडे घालून उभं केलेलं बुजगावणंच ते. आता खालच्याले पाह्य.”

“त्याले काय पाहाचं, बाई? तो तं हरला.”

“म्हणूनच. जिंकलेले सारे सारखेच दिसतात. हरलेला कसा काढला ते पाह्य. राजा तिथं सापडते.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या वाट्याला मात्र वाक्याऐवजी नाव आलं. शाळा सुटेपर्यंत मी बुजगावणं होतो, आणि आज दुकानात पैंजण घ्यायला येणाऱ्या माझ्या काही वर्गमैत्रिणी नवऱ्यादेखत मला त्याच नावानं हाक मारतात.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी मनात त्यांच्या बांगड्या घडवून ठेवल्या होत्या. सगळ्या शिक्षिका निवृत्त झाल्या की बांगड्या करतात, हा आमच्या धंद्याचा इतिहास आहे. बाई आल्या, लूना स्टँडवर लावली, छत्री टेकवली, काउंटरवर एक छोटी डबी ठेवली आणि म्हणाल्या, “बांगड्या झाल्या माझ्या. पाह्य.”

डबीत नाणं. नागपुरातल्या नाण्यांच्या प्रदर्शनातून घेतलेलं. रोमचं, चांदीचं, अस्सल. माझं गिऱ्हाईक दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुकानानं पळवलं होतं.

आता सोनाराची एक सवय सांगतो. काळी पडलेली चांदी दिसली की आमचा हात डोक्याला न विचारता रिठ्याच्या पाण्याकडे जातो. माझा गेला. नाणं चिमटीत, दुसऱ्या हातात ब्रश, वाटी पुढे ओढलेली. तेवढ्यात छत्रीचा दांडा माझ्या मनगटावर बसला.

“हात तोडीन.”

“बाई, मी तं साफ करून देऊन राहिलो होतो. फुकटात.”

“त्याच्या अंगावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय व्हय. तुझ्या अंगावरचा नाही, आंघोळीनं जाते तो.”

तेव्हा मी नाणं नीट पाहिलं. एका बाजूला कुणा देवीचं मस्तक, गळ्यात मण्यांची माळ. मी सोनार, मला माळच दिसणार. शेजारी जोडवी निवडत बसलेल्या एका वहिनींनीही मान पुढे केली आणि विचारलं, “भाऊ, असली माळ तुमी करून द्याल का?” मी दिली. त्या वर्षी लग्नसराईत “बाईंच्या नाण्यावरची माळ” चांगली चालली. बाई आल्या-गेल्याला सांगत, “याच्या दुकानात रोमची फॅशन लवकर येते. दोन हजार वर्सात.”

नाण्याच्या दुसऱ्या बाजूला तो गुडघ्यावरचा माणूस. बाई त्याची गोष्ट सांगायच्या ती अशी. रोमची फौज पूर्वेकडे गेली, आताच्या इराणच्या अंगाला, आणि सपाटून हरली. शत्रूनं त्यांची निशाणं नेली. निशाण गेलं म्हणजे पलटणीचं नाक गेलं. पुढे कितीतरी वर्षांनी रोमला पहिला बादशहा मिळाला.

“त्यानं काय केलं असन? लढाई?”

“केली असन, बाई.”

“नाही केली. बोलला. बोलून बोलून निशाणं परत आणली. एक तलवार नाही उपसली. अन् नाण्यावर काय काढलं? शत्रू गुडघ्यावर. जसा का यानं कुस्तीत लोळवला त्याले.”

“म्हणजे नाणं खोटं बोलते.”

“राजाचं खरं बोलते,” बाई म्हणाल्या. मग डबीचं झाकण लावत, जरा हळू, “पण निशाण परत आलं, हे तं खरं ना बुजगावण्या. न लढता आलं.”

ही गोष्ट त्या इतक्या वेळा का सांगतात हे मला कळत नव्हतं. बाईंच्या घरी गेलो तेव्हा कळलं.

बाईंचं घर गोवाऱ्याचं, म्हणजे गुरं राखणाऱ्यांचं. गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अलीकडे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा ना, आणि मंडईत गोवारी आपली ढाल घेऊन येतात. ही ढाल तलवारीपुढे धरायची नाही. उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, टोकाला मोरपिसांचा झुपका. ती देवता आहे. डफ वाजतो, सनई वाजते आणि गडी माणूस ती ढाल छातीशी धरून नाचवतो. बाईंचे वडील, आम्ही बाबा म्हणायचो, त्यांच्या गावचे ढालकरी. तरणेपणी त्यांच्या हातात ढाल अशी डुलायची म्हणतात, की समोरच्या गावच्या बाया आपल्या ढालीकडे पाहणं सोडून देत.

एका मंडईत कालव्यापलीकडच्या गावाशी भांडण झालं. कारण एवढंच, की कोणाची ढाल पुढे जाणार. आधी शब्द, मग काठ्या. बाबांच्या हातावर दणका बसला, कोपर मोडलं, ढाल पडली, आणि पलीकडचे ती उचलून घेऊन गेले. हात जोडला गेला, पण वाकडा. गावानं दुसरी ढाल केली. बाबांनी तिला हात लावला नाही, आणि त्यानंतर एकाही मंडईला गेले नाहीत. डफ ऐकू आला की खाटेवरून उठायचे, आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. बाई लहानपणापासून ते लागलेलं दार पाहत आलेल्या.

मी गेलो तेव्हा बाबा फार थकले होते. पोरं-नातवंडं यांची नावं सांडून जात. पण मला पाहून त्यांनी विचारलं, “पलीकडून आला का गा तू? ढाल पाहिली का आमची?”

“नाही बाबा, मी अर्जुनीचा. सोनार.”

“हो का,” ते म्हणाले, आणि माझ्यातला त्यांचा रस संपला.

बाईंनी मला दारापर्यंत सोडलं. “या मंडईले ढाल आणतो मी,” त्या म्हणाल्या, जसं कोणी म्हणतं की बाजारातून वांगी आणते. “बाबा हाय तवा. न लढता.”

आता पलीकडच्या गावात ढाल ज्यांच्या घरी होती ते दाजी. सगळा गाव त्यांना दाजीच म्हणे. तेही म्हातारे, गुडघ्यांनी हैराण, पण जिभेनं तरणे. बाई लूनावर बसून कालव्याच्या पाळीनं त्यांच्याकडे जाऊ लागल्या. पहिल्यांदा चहा मिळाला, उत्तर नाही. दुसऱ्यांदा उत्तर मिळालं, “पाहू.” मग भाताच्या कापणीचे दिवस आले, तेव्हा बाई त्यांच्या खळ्यावर जाऊन बसल्या. तिथं धानाच्या राशीशेजारी दाजींच्या नातवंडांना चंदेरी कागद वाटून रोमची लढाई सांगितली म्हणे. शेवटी दाजी म्हणाले, “देतो. पन आमी हारलो म्हणून नाही. तू आली म्हणून.”

“मले चालते,” बाई म्हणाल्या.

ठरलं असं, की मंडईच्या दिवशी पलीकडचे लोक ढाल वाजतगाजत आणतील, आणि आठवण म्हणून बाई दाजींना चांदीचं एक पदक देतील. पदकाचं काम माझ्याकडे आलं. इथून पुढे इतिहास बिघडला, कारण इतिहास माझ्या हातात आला.

बाई म्हणाल्या, “एका बाजूले गाय काढ. दुसऱ्या बाजूले ढाल देणारा अन् घेणारा. या नाण्यासारखं.” आणि नाणं दोन दिवसांसाठी माझ्या ताब्यात दिलं. रिठ्याची वाटी आधी घरी पाठवायला लावली, मग दिलं.

या नाण्यासारखं. आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी चांदीची चकती हलू नये म्हणून राळेत बसवली, कोरायचं कलम घेतलं, आणि नाण्यासारखं काढलं. घेणारा नाण्यात नव्हता, तो मी मनानं घातला, उभा, ताठ. मध्ये ढाल, दोघांचेही हात तिच्यावर. देणारा एका गुडघ्यावर. देणाऱ्याला दाढी दिली, कारण नाण्यात होती. ढगळ विजार दिली, कारण नाण्यात होती. विजारीच्या चुण्या तर इतक्या बारीक कोरल्या, की मी स्वतःच त्या भिंगातून पाहत बसलो आणि आलेलं गिऱ्हाईक परत गेलं.

मंडई तोंडावर आली होती. दुपारी दुकानात एक म्हातारे आले, एसटीनं. नातीला पैंजण पाहिजे होते. बोलता बोलता कळलं, हे दाजी. मला एवढा आनंद झाला की पैंजण बाजूला ठेवून मी पदक काढलं, मखमलीवर ठेवलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

दाजींनी बराच वेळ पाहिलं. “काम मस्त हाय,” ते म्हणाले. मी फुललो. मग त्यांचं बोट खाली सरकलं. “हा कोण व्हय? गुडघ्यावरचा?”

मी अभिमानानं सांगितलं, “तुम्हीच, दाजी.”

भिंग काउंटरवर आलं. दाजींनी टोपी घातली.

“मी दाढी कधी ठेवली?” त्यांनी विचारलं.

“नाही, ते रोमच्या...”

“अन् हा लेंगा कोणाचा?”

“तोही रोमचाच.”

“अन् गुडघा? गुडघा माझाच ना?” ते दारापर्यंत गेले आणि वळले. “सांगजो तुझ्या बाईले. ढाल आमच्या घरी सुखात हाय.”

पैंजणही तिथंच राहिले.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा मी वाटेत तीन वेगवेगळी कारणं तयार केली होती, त्यांतल्या दोनांत चूक नाण्याची होती. बाईंनी एकही ऐकलं नाही. पदक हातात घेतलं, पर्समधून चंदेरी कागद काढला, अंगठा दाबला, आणि उमटलेलं चित्र उजेडात धरून पाहत राहिल्या. आत बाबा खोकत होते.

“तुले शिकवलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “हरलेला कसा काढला ते पाहाचं.”

“पाहिला ना बाई. हुबेहूब काढला.”

“हो. त्याच्यातच तुझा राजा सापडला.” मग म्हणाल्या, “कलम, राळ, हातोडी, सारं घे. उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही कालवा ओलांडला. दाजींच्या अंगणात माणसं होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. दाजी खाटेवर बसलेले. खाली बसा कोणी म्हटलं नाही, तर बाई आपण होऊन एका पाटावर बसल्या.

“दाजी, याचं काढणं चुकलं,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे बोट. “गुडघ्यावरचा तुमी नाही.”

“मंग कोण?”

“माझा बा.”

दाजी म्हणाले, “तुझा बा? तो बसन गुडघ्यावर? त्याची मान मोडन, गुडघा नाही वाकणार.”

“देवाले उभ्यानं घेतात का? तुमी देणारे, तुमी उभे. तो घेणारा, तो बसन.”

“पोरी, त्याले विचारलं का तू?”

बाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, “मांड तुझं सामान. दाढी उडव. लेंग्याचं धोतर कर. अन् खालच्याचं कोपर वाकडं काढ.”

मी तिथंच जमिनीवर फतकल मारली. राळ तापवली, चकती बसवली, आणि अख्ख्या गावासमोर रोमची विजार खरवडू लागलो. पोरं माझ्या खांद्यावर वाकलेली. ज्या चुण्यांसाठी एक गिऱ्हाईक घालवलं होतं त्या एकेक करून गेल्या. मग कोपर. चांदी खरवडून पातळ झाली होती, पण ते कोपर नीट दिसायला हवं म्हणून मी कलम खोल घातलं, आणि रेघ बाहेरच्या बाजूला वळवली. अजून थोडी वळवली.

वरून दाजींचा आवाज आला.

“लय वाकडं नोको काढू. तेवढा नोता मोडला हात.”

मी वर पाहिलं नाही. बाईंनीही पाहिलं नाही. हात कोणी मोडला होता हे त्या अंगणात कोणालाही विचारावं लागलं नाही. कोणीतरी चहा सांगितला.

निघताना दाजी एवढंच म्हणाले, “आणतो ढाल. मी सोता आणतो. पायी.”

परतताना कालव्याच्या पाळीवर मी विचारलं, “बाई, बाबांना खरंच विचारलं नाही?”

“नाही.”

“मग ते बसले नाहीत तर?”

“तं आपण दोघं खोटे. तू चांदीतला, मी तोंडातली.” थोडं अंतर गेल्यावर पाठीमागून आवाज आला, “मी का त्याले नाण्यासारखं वाकवणार हो? बाप व्हय तो माझा. चालव तू.”

इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात मी तेवढी एकदाच शंका ऐकली.

मंडईच्या दिवशी बाबांची खाट रस्त्याच्या कडेला आणून ठेवली. बाई जवळ उभ्या, छत्री मिटलेली, हातात पदकाची डबी. दुरून डफ ऐकू आला. बाबांनी सवयीनं उठायला हात टेकला, आत जायला. बाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, “बाबा, ढाल येऊन राहिली.”

“कोणाची?”

“आपली.”

“कोण आणून राहिलं?”

“दाजी.”

“पायी?”

“पायी.”

बाबा परत बसले. “त्याचे गुडघे गेले म्हणते ना. कायले पायी येऊन राहिला मंग.”

मोरपिसं आधी दिसली, लोकांच्या डोक्यांवरून. मग कापड. दोन पोरं बांबू धरून होती, पण शेवटच्या वळणावर दाजींनी तो आपल्या हातात घेतला. ढाल डुलत नव्हती, थरथरत होती. खाटेपुढे येऊन ते थांबले. डफ थांबला. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे न पाहता ढालीकडे पाहत होते.

बाबांनी वाकडा हात पुढे केला, कापड चिमटीत धरलं.

“कापड नवं दिसते.”

“दरवर्सी बदलवतो.”

“पिसं?”

“पिसंबी. पूजतोबी. आमच्या ढालीच्या आधी.”

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. “आधी?”

“आधी,” दाजी म्हणाले. “पाव्हण्याले आधी वाढावं लागते.”

ज्या ‘आधी’साठी काठ्या निघाल्या होत्या, ते पलीकडच्या गावात इतकी वर्षं दर दिवाळीला ज्याचं त्याला दिलं जात होतं, आणि अलीकडच्या गावात एक माणूस दार लावून बसत होता. बाबा खाटेवरून घसरत खाली उतरले. बाई पुढे झाल्या आणि थांबल्या. बाबांनी एक गुडघा टेकला. मग दोन्ही हातांनी बांबू धरला आणि कपाळ लावलं.

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. पदक खरं झालं होतं. पण ते सुख मला जेमतेम एक श्वासभर मिळालं.

“अबे, खाली कायले बसतं,” दाजी म्हणाले, “उठता येणार नाही तुले.” आणि बाबांना उठवायला म्हणून वाकले, आणि त्यांचेच गुडघे गेले. बांबू धरून धरून तेही खाली आले. आता रस्त्यात दोन म्हातारे गुडघ्यांवर, मध्ये ढाल, आणि दोघांनाही उठता येईना. हसू आधी कोणाला आलं माहीत नाही. बाबांना आलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलं. त्यांना उठवायला दोन्ही गावांची पोरं लागली, आणि ढाल कोणी धरली, पुढे कोण आणि मागे कोण, हे बघायला कोणाला सवड झाली नाही.

बाई माझ्याजवळ आल्या. डोळे पुसले नव्हते, तसेच होते. “तुझं नाणं पुन्हा चुकलं, बुजगावण्या. दोघंबी बसले.”

“दुरुस्त करू का, बाई? सामान आणलंय.”

“राहू दे. राजाचंबी असंच होते. झालं एक, काढलं एक.” आणि डबी उघडून त्यांनी पदक दाजींच्या हातात दिलं.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले, दार उघडं असताना. त्यानंतर काही वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात, बाईही गेल्या. रोमचं नाणं त्यांनी आधीच एका संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. तिथं ते आता काचेआड आहे, आणि कोणी त्याच्यावर अंगठा दाबत नाही. मला वाटतं, त्याला करमत नसेल.

परवा दाजी दुकानात आले. नातवाच्या मोटरसायकलवरून, काठी घेऊन. गळ्यात काळ्या दोऱ्यात पदक. त्याची कडी तुटली होती.

मी पदक हातात घेतलं. आधीच मी ते खरवडून पातळ केलेलं, त्यात म्हाताऱ्याचा अंगठा सदा त्याच्यावर फिरणारा. गाय गेलेली. दुसऱ्या बाजूला चेहरे गेले, धोतरं गेली, उभा कोण आणि बसलेला कोण तेही कळेना. मी कडी जोडली. चांदी काळवंडली होती, आणि माझा हात आपला निघाला वाटीकडे.

“हात तोडीन,” दाजी म्हणाले. मी वाटी मागे सारली.

“बाई कशा करत होत्या गा ते? कागदाचं?”

गल्ल्याच्या खणात एक चॉकलेट होतं. ते मी दाजींना दिलं, कागद सारखा केला, पदकावर ठेवला आणि त्यांचा अंगठा धरून दाबला. गोल गोल फिरवला. कागद उचलून उजेडात धरला तर त्यावर कोणीच नव्हतं. एक उभी रेघ होती, बांबूची. आणि तिच्याशेजारी, मी सगळ्यात खोल कोरलेलं, एक वाकडं कोपर.

दाजींनी चॉकलेट तोंडात टाकलं आणि कागद टोपीत ठेवला.